बर्फ पडूनही नदी का आटते?

प्रश्न : आमची भाची अमेरिकेत ॲरिझोनामध्ये असते. 2021 साली कोलोरॅडो नदीच्या उगमाकडील डोंगरांत जवळजवळ नेहमीइतका बर्फ पडूनही नदीला पाणी फारच कमी आले, असे ती सांगते. हे कसे शक्य आहे? गोदावरीचेही असेच होईल का?
– एक वाचक, पैठण

उत्तर : आपल्या भाचीची माहिती बरोबर आहे. त्या वर्षी बर्फ सरासरीच्या 85 ते 90 टक्क्यांच्या आसपास साचला होता, मात्र लेक पॉवेल या जलाशयात आलेले पाणी सरासरीच्या जेमतेम एक तृतीयांश होते. मधले पाणी मुख्यतः जमिनीने घेतले. आधीचा उन्हाळा आणि शरद ऋतू कमालीचे उष्ण व कोरडे गेल्यामुळे माती इतकी तहानलेली होती, की वितळलेले पाणी ओढ्यानाल्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच तिच्यात मुरले. उरलेल्यापैकी बरेचसे हवेने आणि झाडाझुडपांनी ओढून घेतले. शिवाय शुभ्र बर्फ ऊन परतवतो आणि तो लवकर वितळला की उघडी पडलेली काळसर जमीन तेच ऊन शोषून घेते, त्यामुळे बाष्पीभवन आणखी वाढते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतील दोन संशोधकांनी 2020 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, की या नदीचा वार्षिक प्रवाह सुमारे 9 टक्क्यांनी घटतो.

तथापि सगळा दोष हवामानावर ढकलणे मला पटत नाही. कोलोरॅडोच्या पाण्याविषयीच्या 1922 च्या करारात सात राज्यांच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन गटांचे वाटे ठरले तेव्हा आधार धरलेली वर्षे नेमकी जास्त पाण्याची होती. पुढे 1944 च्या तहाने मेक्सिकोचा हिस्सा त्यात मिळवला गेला आणि कागदावरचे वाटप सुमारे 720 टीएमसी (अब्ज घनफूट) झाले. या शतकात नदीत प्रत्यक्ष येणारे पाणी मात्र सरासरी 540 टीएमसीच्या आसपास आहे. (जायकवाडीची एकूण क्षमता शंभर टीएमसीहून थोडी अधिक आहे, यावरून या तुटीचा अंदाज यावा.) ऑगस्ट 2021 मध्ये तेथे प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि पाणी घेण्याच्या हक्कांच्या क्रमात ॲरिझोनाचा कालवा मागे असल्याने सर्वाधिक कपात त्या राज्याच्या, त्यातही तेथील शेतकऱ्यांच्या वाट्याला आली.

गोदावरीला बर्फाचे पाणी नाही, ती पावसावरच वाहते. त्यामुळे कोलोरॅडोचे आकडे तिला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. मात्र तापलेल्या, कोरड्या जमिनीने पहिला पाऊस पिऊन टाकणे आणि जायकवाडीच्या नाथसागरासारख्या पसरट जलाशयातून उन्हाळ्यात भरमसाट वाफ होणे, या दोन्ही गोष्टी तापमानाबरोबर वाढणाऱ्याच आहेत. वाटपाच्या बाबतीत मात्र आपला नियम मला अधिक शहाणपणाचा वाटतो. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशानुसार, 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असल्यास नाशिक-नगरकडील धरणांतून पाणी सोडावे लागते, म्हणजेच हिशेब कोण्या जुन्या भरघोस वर्षावर नव्हे, तर त्या त्या वर्षीच्या साठ्यावर होतो.