डॉक्युमेंटरी बघून अमेरिकेतला गन व्हायलन्स खरंच समजतो का?

समजतो, पण आकडे सांगणाऱ्या फिल्ममधून कमी आणि भीती दाखवणाऱ्या फिल्ममधून जास्त. 'बोलिंग फॉर कोलंबाइन' तुम्ही बघितलीच असणार, म्हणून तिच्याबद्दल लिहीत नाही. गीता गंडभीरची 'द परफेक्ट नेबर' (2025) बघा, नेटफ्लिक्सवर आहे. फ्लोरिडात ओकालाला 2023 मध्ये एका गोऱ्या बाईने शेजारच्या काळ्या बाईला, चार मुलांच्या आईला, बंद दाराआडून गोळी घातली, आणि भांडण काय तर पोरं घराजवळ खेळतात. जवळपास सगळी फिल्म पोलिसांच्या बॉडीकॅमची, म्हणजे अंगावर लावलेल्या कॅमेऱ्याची आहे, गोऱ्या बाई फोन करतात, पोलीस येतात, ऐकून घेतात, जातात, परत फोन.

मला ती एका बैठकीत बघवली नाही. ह्यूस्टनला दादाच्या दाराबाहेर मीही असाच उभा होतो. फ्लाइट लेट, रात्रीचे दोन, फोन डेड, बेल बंद, मग आपल्याकडे वाजवतो तसं दार धडाधडा वाजवलं आणि कोणी उघडेना म्हणून मागे जाऊन काचेचं दार हलवलं. पडदा सरकला तर समोर दादा, पायजम्यावर, दोन्ही हातांत पिस्तूल, आणि हात थरथरतायत. मी ओरडलो, "दादा, मी आहे रे!"

सकाळी वहिनीने पोहे केले, विषय कोणीच काढला नाही. मी काढला तर दादा म्हणाला, "तुला इथलं काय कळतंय, घरात दोन पोरी आहेत माझ्या." सहा वर्षं आमचं हेच चाललंय. माझं म्हणणं एवढंच, मी मराठीत ओरडलो म्हणून वाचलो, रस्ता चुकलेला एखादा पोरगा इंग्रजीत ओरडला असता तर? ओकालाच्या बाईही जिवाची भीती वाटली म्हणूनच सांगत होत्या, 25 वर्षांची शिक्षा झाली, पण त्या पोरांची आई गेली ती गेलीच.

आता हेही खरं की बंदूक ठेवणारा प्रत्येकजण असा नसतो, आणि डॉक्युमेंटरीतही सगळं येत नाही. 2021 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसं गेली, त्यात निम्म्याहून जास्त आत्महत्या, त्यावर मात्र फिल्म क्वचितच दिसते. शाळा-कॉलेजातल्या गोळीबारावरच बघायचं असेल तर 1966 मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीत झालेल्या गोळीबारावरची 'टॉवर' बघा.

दादा, तू इथे वाचतोस माहितीये मला. ते पिस्तूल उशाच्या ड्रॉवरमधून काढ आणि कुलपात ठेव, गोळ्या वेगळ्या ठेव. धाकटी अकराची झाली, तिचा हात आता सगळीकडे पोचतो.