छऱ्याची बंदूक, फुटलेली काच आणि सोळा वर्षांचा मुलगा

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा मुलगा गच्चीवर बीबी गनने रिकाम्या डब्यांवर नेम धरत होता. एक छर्रा उसळून शेजाऱ्यांच्या गाडीची काच तडकली. त्यांनी पोलिसांत अर्ज दिला. ‘विनापरवाना हत्यार’ म्हणत हवालदार बंदूक घेऊन गेले, कागद काहीच दिला नाही. उद्या ठाण्यात बोलावलंय. ‘बंदूक मीच चालवत होतो’ असं सांगू का?

उत्तर : सांगू नका. मुलासाठी जीव तुटतोय हे कळतं, पण खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय कायद्याने मुलाला दिलेलं संरक्षण तुम्हाला मिळणार नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. अशा किरकोळ प्रकरणात त्याच्यावर एफआयआरही होत नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद होते आणि बाल कल्याण पोलीस अधिकारी अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवतात. पुढे नोकरीच्या वेळी हे आडवं येईल का, ही धास्ती असेलच. त्याच कायद्याचं कलम २४ सांगतं की अशा प्रकरणामुळे मूल कशालाही अपात्र ठरत नाही. अधिकारी मुलाशी बोलताना तुम्ही त्याच्या शेजारी बसा.

आता परवान्याचं. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये बंदुकीची व्याख्या फक्त दारूगोळ्यापुरती नाही, ‘इतर प्रकारची ऊर्जा’ही त्यात येते. म्हणून हवालदारांना शंका आली तर ती अगदीच निराधार नाही. मात्र २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार हवेच्या बंदुकीला परवाना लागतो तो नळीचा व्यास ४.५ मिमीपेक्षा किंवा छर्रा सुटतानाची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त असेल तर. खोक्यावर ‘.१७७’ किंवा ४.५ मिमी छापलंय का बघा. ०.३४ ग्रॅमचा पोलादी छर्रा सेकंदाला १२० मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा जेमतेम अडीच ज्यूल भरते, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी खाली. तुमची बंदूक यात बसत असेल तर ‘विनापरवाना’ हा मुद्दा टिकत नाही. मर्यादेबाहेरची निघाली तर गोष्ट गंभीर आहे, कारण तिथे किमान शिक्षाच दोन वर्षांची आहे. मग वकील सोबत घेतल्याशिवाय ठाण्यात जाऊ नका.

तुमची खरी अडचण परवाना नाही, उसळलेला छर्रा आहे. शिशाचा छर्रा कठीण पृष्ठभागावर चेपतो. बीबी गनची पोलादी गोळी तशीच्या तशी परत फिरते. गाडीत कुणी बसलं असतं तर? हाच प्रश्न भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ विचारतं : निष्काळजीपणाने दुसऱ्याची सुरक्षितता धोक्यात आली का? इजा झाली नसली तरी मोठ्या माणसाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तोच छर्रा डोळ्यात जाऊन दृष्टी गेली असती तर ती जबर दुखापत, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मुलाला हे आजच, समोर बसवून सांगा. काच मुद्दाम फोडलेली नाही, त्यामुळे ‘आगळीक’, म्हणजे जाणूनबुजून नुकसान करण्याचा गुन्हा, लागू होऊ नये.

शेजाऱ्यांकडे मात्र आजच जा. काचेचा खर्च देतो म्हणा आणि द्या. समाधान झाल्याचं त्यांनी लिहून दिलं तर तो कागद अधिकाऱ्यांकडे द्या.

उद्या खरेदीची पावती, खोकं आणि मुलाचा जन्मदाखला बरोबर न्या. जप्ती पंचनाम्याची प्रत लेखी अर्ज करून मागा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. बंदूक परत हवी असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.