दुसऱ्या महायुद्धात भारतातले रेल्वे रूळ खरेच उखडून नेले होते का?

होय, हे खरे आहे आणि हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्याचा अरुंद रुळांचा (नॅरोगेज) रेल्वेमार्ग हे त्याचे ठळक उदाहरण आहे. शानन जलविद्युत प्रकल्पाची अवजड यंत्रसामग्री डोंगरात पोहोचवण्यासाठी बांधलेला पठाणकोट ते जोगिंदरनगर हा सुमारे १६४ किलोमीटरचा मार्ग १९२९ मध्ये सुरू झाला. पण युद्धासाठी पोलाद आणि रूळ कमी पडू लागल्यावर १९४१-४२ च्या सुमारास नगरोटा ते जोगिंदरनगर हा त्याचा वरचा भाग उखडण्यात आला. त्याच काळात भारतातील इंजिने आणि डबेही पश्चिम आशियातील आघाड्यांकडे रवाना झाले होते, त्यामुळे देशातील प्रवाशांच्या वाट्याला उरलेल्या गाड्यांमधील चेंगराचेंगरी आली. उखडलेल्या भागातील बैजनाथ स्थानकाच्या पुढे तर चढण इतकी तीव्र आहे की चिमुकले इंजिन मोजकेच डबे ओढत धापा टाकत वर जाते, आणि नेमका हाच दुर्गम पट्टा रेल्वेला मुकला. युद्ध १९४५ मध्ये संपले, तरी इथे रूळ पुन्हा पडायला १९५४ उजाडले. युद्धाची झळ मोजताना रणांगणापासून इतक्या दूरच्या गावांनी सोसलेली ही बारा-तेरा वर्षेही धरायला हवीत, असे मला मनापासून वाटते.