दुकान बंद होण्याचं नाटक: गेम स्टोअरच्या ग्राहकाने दाद कुठे मागायची?

प्रश्न (नाशिक): चार वर्षांत एका परदेशी ऑनलाइन स्टोअरवरून साठेक गेम घेतले. मागच्या महिन्यात शुक्रवारी संध्याकाळी साइटवर आणि मेलवर सूचना आली: ‘रविवारी रात्री १२ वाजता आम्ही कायमचे बंद होत आहोत. गेम उतरवून घ्या. वॉलेटमधली शिल्लक त्यानंतर वापरता येणार नाही.’ मी ६,४०० रुपयांची हार्ड डिस्क आणली, ५९९ रुपयांचा जादा डेटा पॅक मारला आणि वॉलेटमधले ३,१०० रुपये बुडू नयेत म्हणून नको असलेले दोन गेम घेतले. सोमवारी स्टोअर नव्या रूपात चालू, वर ‘कशी गंमत केली!’ असा व्हिडिओ. मी रागाने रिव्ह्यू लिहिला, त्यात ‘चोर, भामटे’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी खातं बंद केलं आणि बदनामीचा दावा लावू अशी मेल आली. काही करता येईल का?

उत्तर: करता येईल. मात्र ‘आमची थट्टा केली’ ही तक्रार घेऊन ग्राहक आयोगापुढे गेलात तर हाती काही लागणार नाही. अशी नाटकं पूर्वीही झाली आहेत. पोलंडच्या जीओजीने, म्हणजे तेव्हाच्या ‘गुड ओल्ड गेम्स’ने, सप्टेंबर २०१० मध्ये साइट उतरवून आपण गाशा गुंडाळतोय असं भासवलं, काही दिवसांनी नव्या रूपात साइट उघडली आणि ग्राहक खवळल्यावर मंडळी संन्याशांच्या वेषात माफी मागायला उभी राहिली. तिथे निदान गेमना कुलूप नव्हतं. ज्याने फाइल उतरवून ठेवली होती त्याचा गेम स्टोअरशिवायही चालत होता.

तुमच्या प्रकरणातलं वजन एका वाक्यात आहे: ‘शिल्लक त्यानंतर वापरता येणार नाही.’ हे विधान खोटं होतं, मुदत घालून केलं होतं आणि त्यावर विसंबून तुम्ही खरेदी केलीत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) मधली अनुचित व्यापारी प्रथा ती हीच. नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ (म्हणजे ग्राहकाला चकवणारी ऑनलाइन मांडणी) रोखणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांत खोटी घाई निर्माण करून खरेदी करायला लावणं हा प्रकार पहिल्याच क्रमांकावर आहे. ‘गंमत होती’ हा बचाव माफीनाम्यात शोभतो, पण त्या दोन दिवसांत जमा झालेले पैसे तर खरे होते.

आता रकमांचं बोलू. ३,१०० रुपये पूर्ण मागा. ते दोन गेम एकदाही उघडले नसतील तर उघडू नका, कारण खेळलेले तास त्यांच्या नोंदीत दिसतात आणि पहिला युक्तिवाद त्यावरच होईल. डेटा पॅकचे ५९९ पावती असेल तर मिळण्यासारखे आहेत. हार्ड डिस्कचं कठीण आहे. ती तुमच्याकडेच आहे, उद्या दुसऱ्या कामाला येईल. आयोग पूर्ण किंमत देईल असं धरून चालू नका. मागणीत लिहा, पण तिथे अडून बसू नका.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र बंद खात्याचं. साठ गेम त्यात अडकलेत. स्टोअर म्हणेल, ‘कधीही, कारण न देता खातं बंद करण्याचा अधिकार अटींत आहे.’ या अटी कोण वाचतं? गेमस्टेशन या ब्रिटिश दुकानाने २०१० च्या १ एप्रिलला ‘ग्राहकाचा आत्मा आमचा’ असं कलम अटींत घुसवलं, तेही हजारोंनी मान्य केलं होतं. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची अट कलम २(४६) प्रमाणे अनुचित ठरू शकते. पण इथे एक खाच आहे: अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. म्हणून अटीलाच आव्हान देऊ नका. ‘पैसे घेतलेली सेवा रिव्ह्यूचा राग धरून थांबवली’ ही सेवेतली त्रुटी म्हणून मांडा, म्हणजे नाशिकच्या जिल्हा आयोगातच काम होईल. तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करण्याची मुभा कलम ३४ देतं. अटींत लवादाचं कलम, म्हणजे वाद कोर्टाबाहेर खासगी पंचापुढेच सोडवायचा अशी अट, असलं तरी घाबरू नका. त्यामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

आजच पुरावे गोळा करा, कारण साइटवरची ती सूचना आणि व्हिडिओ कधीही उतरवले जातील. स्क्रीनशॉट घेताना वरचा पूर्ण पत्ता आणि तारीख-वेळ दिसली पाहिजे. मेल नुसती फॉरवर्ड करून ठेवू नका, मूळ फाइल हेडरसकट (म्हणजे मेल कुठून, कधी आली याच्या तांत्रिक नोंदीसकट) उतरवा. वॉलेटचा खातेउतारा, त्या दोन गेमची बिलं, खातं बंद केल्याची मेल आणि तुमचा रिव्ह्यू जसाच्या तसा, हे सगळं हवं. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडा. त्याचे दोन भाग असतात, एक तुमचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळता येणारा तिचा सांकेतिक क्रमांक, लिहावी लागते. आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी कोर्टाइतका ताठ नसतो, तरी समोरचा वकील याच मुद्द्यावर तारखा खातो.

मग स्टोअरच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण बंधनकारक आहे, आणि भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल किंवा सेवा देणाऱ्या परदेशी कंपनीलाही हे नियम लागू आहेत. मेल पानभराची पुरे. राग नको, रकमा आणि तारखा हव्यात. त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. महिना गेला की ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार दाखल करा. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची असली तरी थांबू नका.

बँकेत चार्जबॅक टाकण्याचा, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत परत खेचण्याचा, मोह होईल. तो टाळा. माल मिळालेला असल्याने बँक बहुधा तुमच्या विरोधात जाईल, आणि चार्जबॅक केला म्हणून खातं कायमचं बंद करायला स्टोअरला आयतं निमित्त मिळेल.

प्रतिवादी कोण, हे बिलावरून ठरवा. जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत असेल तर महाराष्ट्रात नोंदणी आहे, भारतातली कंपनी समोर आणता येईल. ९९ ने सुरू होत असेल तर ती परदेशातून ऑनलाइन सेवा देणाऱ्यांची नोंदणी. आदेश मिळाला तरी इथे मालमत्ता नसलेल्या कंपनीकडून वसुली करणं जिकिरीचं असतं, म्हणून अशा वेळी पहिल्या सुनावणीच्या सुमारास मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर नाकारू नका.

बदनामीच्या धमकीने झोप उडवून घेऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खालचा गुन्हा अदखलपात्र आहे. त्यासाठी कंपनीला स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यापुढे तक्रार करावी लागेल, आणि तिथे तिच्या नाटकाचीही उलटतपासणी होईल. तरी ‘चोर, भामटे’ हे शब्द तुमचं पारडं हलकं करतात. प्रत जपून ठेवल्यावर ते काढा, आणि काय घडलं, किती रुपये गेले, एवढंच राहू द्या. खातं बंद असल्याने रिव्ह्यू बदलता येत नसेल तर तसं तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या मेलमध्येच कळवा. धमकीला वेगळं उत्तर नको.

तडजोडीत कूपन किंवा वॉलेटमध्ये जमा देऊ केली तर घेऊ नका. पैसे ज्या कार्डावरून किंवा बँक खात्यातून गेले तिथेच परत मागा, आणि खातं सगळ्या गेमसह पूर्ववत कोणत्या तारखेपर्यंत होईल ते तडजोडपत्रात लिहून घ्या.