१० बाय १२ च्या हॉलसाठी ३२ इंची टीव्ही घ्यावा की ४३?

पुण्यात कर्वेनगरला वन बीएचके, हॉल १० बाय १२, आणि ३२ इंची टीव्ही जवळजवळ निम्म्या किमतीत मिळतोय, मग ४३ चे पैसे का मोजायचे, असं तुम्ही विचारलंय.

खोली लहान म्हणून टीव्ही लहान, हा हिशेब तुमच्या हॉलला लागू होत नाही. सोफा १२ फुटी भिंतीला टेकवला तर समोरच्या भिंतीवरचा पडदा डोळ्यांपासून साडेसात-आठ फुटांवर येतो. ३२ इंची पडद्याची रुंदी ७१ सेंमी, ४३ ची ९५. ऐकायला फरक किरकोळ, पण क्षेत्रफळ १.८ पट होतं. मॅचमधला कोपऱ्यातला स्कोअर आणि सबटायटल वाचताना तो जाणवतो.

चित्राच्या स्पष्टतेची काळजी मात्र नको. ३२ इंची बहुतेक 'एचडी रेडी' असतात, म्हणजे पडद्यावर १३६६ बाय ७६८ ठिपके (पिक्सेल). एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. सहा फुटांपलीकडून तो सुटा दिसत नाही. याच न्यायाने आठ फुटांवरून ४३ इंचीत फुल एचडी आणि फोर-के यांतला फरकही डोळ्यांना कळत नाही. तेव्हा ४३ घ्यायचा तो आकारासाठी, फोर-केच्या स्टिकरसाठी नाही. लॅपटॉप जोडून जवळून काम करणार असाल तर एचडी रेडी अजिबात नको, अक्षरं फाटलेली दिसतात.

खरी काटछाट आत असते. स्वस्त ३२ इंचीत बऱ्याचदा १ जीबी रॅम, ८ जीबी स्टोरेज (त्यातलं बरंचसं सिस्टिमच खाते), दोनच एचडीएमआय पोर्ट आणि वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं. सोसायटीत घरोघरी राउटर, सगळ्यांची गर्दी त्याच २.४ वर. मग व्हिडिओ अडकतो आणि लोक इंटरनेटवाल्याला फोन करत बसतात.

दुकानात डेमो बहुधा पेनड्राइव्हवरून चालू असतो. तो बंद करायला लावा. यूट्यूब उघडा, होमवर जा, दुसरं एखादं अ‍ॅप उघडा, परत यूट्यूबवर या. ते पहिल्यापासून लोड व्हायला लागलं तर रॅम अपुरी आहे. मग सेटिंग्जमध्ये जाऊन स्टोरेज किती रिकामं आहे ते बघा. विक्रेता वैतागेल, वैतागू द्या.

'बत्तीसच परवडतो' या सल्ल्यामागे कराचाही हात होता. ३२ इंचांपर्यंत १८ टक्के जीएसटी होता आणि त्याहून मोठ्या टीव्हींवर २८. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ झाला. करापूर्वी २०,००० चा मोठा टीव्ही २५,६०० ला पडायचा, तो आता २३,६०० ला पडायला हवा. जुन्या व्हिडिओंमधले भाव धरून तुलना करू नका.

छोटं म्हणजे कापलेलंच असं काही नाही. आयफोन १२ मिनीत चिप आणि कॅमेरे मोठ्या १२ चेच होते, भारतात किंमत १०,००० ने कमी. बॅटरी मात्र २८१५ ऐवजी २२२७ एमएएच. काय गेलं ते स्पष्ट होतं. स्वस्त टीव्हीत ते शोधावं लागतं.

तुमच्या हॉलला मी ४३ म्हणेन. बजेट ताणलं जात असेल तर ३२ घ्या आणि ५ गिगाहर्ट्झ वायफाय चालणारी स्ट्रीमिंग स्टिक (एचडीएमआयला लावायची, अ‍ॅप्स स्वतःच चालवणारी छोटी कांडी) लावा. रॅम आणि वायफाय दोन्ही दुखणी मिटतात. पण स्टिकची किंमत धरून मग ३२ आणि ४३ मधला फरक काढा.

भिंतीला लावायचं ब्रॅकेट तापकीर गल्लीत (बुधवार पेठेतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) बघा, पण निघण्याआधी टीव्हीमागच्या चार भोकांमधलं अंतर मोजा: १०० बाय १००, २०० बाय १०० की २०० बाय २०० मिमी. बिल्डिंग नवी असेल तर भिंत बहुधा सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकची) असेल. तिच्यात साधी प्लास्टिकची गिट्टी फिरते आणि स्क्रू हळूहळू बाहेर येतो. त्या ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन प्लग मागा, आणि भोक पाडताना ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवायला सांगा, नाहीतर भोक मोठं होऊन प्लगही धरत नाही.