बेसबॉलमध्ये फिल्डर नक्की कुठे उभे राहतात? आणि शॉर्टस्टॉप म्हणजे काय?

तुम्ही विचारलंय की क्रिकेटची फिल्डिंग झोपेतही सांगता येते, पण बेसबॉलची डोक्यात बसत नाही; आणि प्रत्येक बेसला एकेक माणूस असताना हा शॉर्टस्टॉप मध्येच काय करतो. मी ठाण्याला शाळेत असताना सॉफ्टबॉलमध्ये शॉर्टस्टॉपलाच खेळायचे, आणि आता नेरुळला आमच्या सेक्टरच्या मैदानात रविवारी सकाळी मुलांना शिकवते. म्हणून जरा सविस्तर लिहिते. सॉफ्टबॉलचं मैदान लहान, चेंडू मोठा आणि खालून टाकलेला, पण फिल्डरांच्या जागा त्याच.

आधी अर्धं मैदान मनातून पुसून टाका. स्लिप, गली, थर्ड मॅन, फाइन लेग यातलं इथे काहीच नाही. होम प्लेटपासून (म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून) एक रेष फर्स्ट बेसकडे जाते, एक थर्ड बेसकडे, आणि त्या दोन रेषांमधल्या काटकोनात मारलेलाच चेंडू खेळात. बाहेर गेला तर फाउल. (फाउलमध्ये उडालेला झेल घेतला तर मात्र आउट.) म्हणजे कॅचर (बॅटरच्या मागे बसणारा, आपला कीपर) सोडला तर आठ जणांना पाव मैदान सांभाळायचं असतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. क्रिकेटमध्ये चेंडू फिल्डरच्या हातात गेला की आपण "नो" म्हणून क्रीजमध्ये परत येतो. इथे ती सोयच नाही. चेंडू काटकोनात जमिनीवरून गेला की बॅटरला पळावंच लागतं, आणि तो फर्स्ट बेसला पोचायच्या आत चेंडू तिथे पोचला की तो आउट. त्याला चेंडू लावायचीही गरज नाही. चेंडू हातात असलेल्या फिल्डरचा पाय बेसला लागला की झालं. होम प्लेट ते फर्स्ट बेस 90 फूट, म्हणजे साडेसत्तावीस मीटरच्या आसपास. आपल्या पिचपेक्षा सात मीटर जास्त. चांगला खेळाडू हे अंतर साधारण साडेचार सेकंदांत कापतो. आत उभ्या असलेल्या चौघांच्या (तिन्ही बेसमन आणि शॉर्टस्टॉप) जागा या साडेचार सेकंदांवर ठरतात.

आमच्याकडे क्रिकेट कोचिंगला जाणारा अकरा वर्षांचा एक मुलगा येतो. पहिल्याच रविवारी त्याला शॉर्टस्टॉपला उभं केलं. चेंडू जोरात आला, मैदानातल्या खडीवर टप्पा बदलला, तरी त्याने एक गुडघा टेकून सुरेख अडवला आणि सवयीने थेट कॅचरकडे फेकला. कॅचरच्या मुलीने तो घेतला, होम प्लेटवर पाय ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तोवर बॅटर फर्स्ट बेसवर (आमचे बेस म्हणजे घडी घातलेल्या सिमेंटच्या गोण्या) उभा राहून धापा टाकत होता. थ्रो कीपरकडे करायचा, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं.

आता शॉर्टस्टॉप. बॅटरच्या जागेवरून पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे, बघा: उजव्या हाताला फर्स्ट बेस, समोर लांब सेकंड, डाव्या हाताला थर्ड. उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी डावीकडची बाजू म्हणजे आपली लेग साइड, आणि तो बरेच चेंडू तिकडेच ओढतो. थर्ड बेसमन रेषेच्या जवळ असतो, त्यामुळे त्याच्या आणि सेकंड बेसच्या मध्ये मोठी फट राहते. त्या फटीत, मिड-ऑन आणि मिडविकेटच्या मध्ये म्हणता येईल अशा जागी, शॉर्टस्टॉप उभा असतो. उजवीकडची तशीच फट सेकंड बेसमन भरतो. नाव सेकंड बेसमन असलं तरी तो बेसवर उभा नसतो, फर्स्टच्या बाजूला सरकलेला असतो. सेकंड बेस या दोघांचा सामाईक: चेंडू एकाकडे गेला की दुसरा धावत बेसवर पोचतो.

शॉर्टस्टॉपचं काम अवघड का, तर त्याचा थ्रो लांब पल्ल्याचा असतो. अडवताना अर्धा सेकंद गेला की धावणारा तीन-चार मीटर पुढे सरकतो, आणि तेवढ्यात तो वाचतो. म्हणूनच तिथे डाव्या हाताने फेकणारा खेळाडू जवळजवळ दिसत नाही. चेंडू अडवल्यावर फर्स्टकडे फेकायला त्याला आधी अंग वळवावं लागतं. उलट फर्स्ट बेसला उंच, लांब हाताचा डावखुरा फार उपयोगी, कारण एक पाय बेसवर ठेवून थ्रोच्या दिशेने ताणायचं असतं.

स्कोअर लिहिताना जागांना आकडे असतात: पिचर 1, कॅचर 2, मग फर्स्ट, सेकंड, थर्ड 3, 4, 5, शॉर्टस्टॉप 6, आणि लेफ्ट, सेंटर, राइट फील्ड 7, 8, 9. समालोचनात "6-4-3" ऐकलंत तर चित्र असं: फर्स्टवर आधीच एक रनर (आधी खेळून बेसवर पोचलेला बॅटर) आहे. बॅटर पळाला की त्याला जागा मोकळी करून सेकंडकडे पळणं भाग आहे. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवला, सेकंड बेसमनला दिला, त्याने बेसला पाय लावला, वळून फर्स्टला फेकला. एका चेंडूत दोन आउट, आणि तीन आउटला डाव संपतो! मी शाळेत पहिल्यांदा हे जमवलं त्या दिवशी घरी येईपर्यंत हात थरथरत होता.

मागचे तिघे (लेफ्ट, सेंटर, राइट फील्डर) उंच चेंडू आणि लांब फटके सांभाळतात. सेंटर फील्डरने हाक दिली की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. चेंडू फारच लांब गेला तर शॉर्टस्टॉप किंवा सेकंड बेसमन मागे धावत जाऊन मधला थ्रो घेतो आणि पुढे फेकतो. 1850 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबात डॉक ॲडम्स शॉर्टस्टॉपला खेळू लागले, ते मुळात याच मधल्या थ्रोसाठी. तेव्हाचा चेंडू हलका होता, लांब फेकला जात नसे.

नियमाने बांधलेल्या जागा पिचर आणि कॅचरच्याच. बाकीच्यांना बराच मोकळेपणा आहे. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये मात्र 2023 पासून सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना आतले दोन-दोन फिल्डर ठेवावे लागतात.

सामना बघताना एक करा. चेंडू टाकायच्या आधी किती आउट झालेत आणि कोणत्या बेसवर रनर आहे ते बघा, आणि चेंडू शॉर्टस्टॉपकडे आला तर तो कुठे फेकेल ते मनात ठरवा. आमचा तो मुलगा आता प्रत्येक चेंडूआधी मोठ्याने ओरडतो, "एक आउट, फर्स्टवर रनर, आधी सेकंड!"