शंभरातले तीसच आपले

आपण लिहिता की तीन जणांच्या आपल्या स्टुडिओचा पहिला गेम स्टीम या संगणक गेमच्या ऑनलाइन दुकानात चांगला खपला, आणि विचारता की त्या पैशातून विमा प्रतिनिधीने सुचवलेली दहा वर्षांची ‘हमखास परताव्याची’ पॉलिसी घ्यावी की सगळी रक्कम दुसऱ्या गेममध्ये घालावी. पॉलिसी घेऊ नये. ज्याच्या हाती मोठी रक्कम दोन वर्षांतून एकदा येते, त्याच्या गळ्यात दरवर्षीचा हप्ता अडकवण्यात भले होते ते प्रतिनिधीचेच.

मला घोर लागला तो पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेल्या ओळीचा: ‘आणखी तिघांना कायम नोकरीवर घेतले आहे.’ हा निर्णय आपण एकूण विक्रीचा आकडा पाहून घेतलेला दिसतो. तो आकडा 100 धरू. परत आलेल्या प्रती (खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम स्टीमवर परत करता येतो) आणि विक्रीकर यांत ढोबळमानाने 15 गेले. उरलेल्या 85 मधून स्टीमचे 30 टक्के वजा केले की 60. एक कोटी डॉलरपुढच्या विक्रीवर हा वाटा 25 टक्क्यांवर येतो. तिथवर पोहोचलात की पुन्हा पत्र लिहा. प्रकाशकाचा 30 टक्के हिस्सा आपणच कळवला आहे, म्हणजे राहिले 42. प्राप्तिकरासाठी 12 बाजूला काढले की आपले 30. सहा जणांचे पगार आणि इतर खर्च महिन्याला 3 आहे, म्हणजे पैसे पुरणार दहा महिने, आणि दुसऱ्या गेमला आपल्याच अंदाजाने दोन वर्षे लागणार.

मधल्या काळात पहिला गेम खपत राहील, ही आशा मी हिशेबात धरत नाही, कारण बहुतेक गेमची विक्री पहिल्या काही आठवड्यांतच सर्वाधिक असते आणि पुढे ती बव्हंशी सवलतींच्या दिवसांत हलते. ‘अमंग अस’ हा गेम 2018 मध्ये आला आणि 2020 मध्ये गाजला, हा दाखला आपण दिला आहे. पण इनरस्लॉथ हा त्यामागचा स्टुडिओ तेव्हा अगदी मोजक्या माणसांचा होता, हे आपण विसरता. तसे भाग्य आपल्या वाट्याला येणारच असेल, तरी त्या दिवसापर्यंत स्टुडिओ चालू असावा लागेल.

पूर्वीच्या तिघांचा खर्च महिन्याला दीड होता. त्या बेताने हेच 30 वीस महिने पुरतात. म्हणून नव्या तिघांशी या आठवड्यातच स्पष्ट बोला आणि त्यांना पटले तर करार ठरावीक कामापुरता करा. दुसरा गेम वीस महिन्यांत बसेल एवढा लहान करा. कराचे 12 मात्र आजच वेगळ्या खात्यात टाका. ते स्टुडिओचे नाहीत.